आमचा अल्बम फॉरेनला हिट!

काही धंद्यांत माल कमी आणि किस्से जास्त निघतात, त्यातला आमचा एक. तलासरी नाक्यावर दिनेशभाईंचं मोबाइलचं दुकान होतं. २०१४च्या सुमाराला त्यांनी मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकल्या आणि बाहेर बोर्ड लावला, ‘रेकॉर्डिंग स्टुडिओ’. अर्धा वेळ लाइट नसायची. माइक बंद, पंखा बंद, मग आमची तोंडं चालू! गाणी झाली मोजकी, पण आजही कुणी भेटलं की म्हणतं, “ए, तो हॉर्नचा सांग ना!”

आम्ही चौघं. दिनेशभाई मालक, बोलणं अर्धं गुजराती, तेच रेकॉर्डिस्ट, कव्हरवर नाव मोठं कुणाचं हे ठरवणारेही तेच. लक्ष्मण गाणी रचायचा आणि गायचा. पाऊस सरला की तो गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जायचा आणि होळीला घरी यायचा. सुनंदा त्याची बायको. तिचा आवाज असा, की माइक बंद असला तरी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला अंतरा ऐकू जायचा. आणि मी. दिवसा डहाणूत रिक्षा, लग्नसराईत की-बोर्ड. रिक्षाच्या मागच्या सीटवर की-बोर्डला पोरासारखं झोपवून न्यायचो मी, चेष्टा नाही!

आमचा चार्ट कुठला? दिनेशभाईंचा एक दोस्त उंबरगावला लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा, त्याला ते रोज फोन करायचे. “काल शू भरलं? आपलं भरलं की नाय?” तो म्हणाला भरलं, की हिट. आणि तलासरीचा चेकनाका ओलांडून गुजरातकडे गेलं की दिनेशभाईंच्या हिशोबी फॉरेन! उंबरगाव फॉरेन, दमण फॉरेन, सेल्वास, म्हणजे सिल्वासा, तर एकदमच फॉरेन. स्वतःचं सासर वापीला, तेही फॉरेन.

*

पहिल्या अल्बममधलं एकच गाणं चाललं, पण काय चाललं! लक्ष्मणनं रचलेलं, नवरा-बायकोचं. नवरा बोटीवर निघालाय. बायको विचारते, “बोटीवरून येशील, काय आणशील रे?” तो म्हणतो साडी आणीन, पैंजण आणीन, दमणहून टीव्ही आणीन. प्रत्येक वेळी ती फणकारते, “मागच्या खेपेला हेच बोललास!” बस, एवढंच गाणं. सुनंदा ते गायची तेव्हा लक्ष्मण खरोखर मान खाली घालायचा, कारण मागच्या खेपेला तो खरोखर हेच बोललेला असायचा.

तर रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळं जुळून आलं. लाइट होती, सुनंदाचा घसा मोकळा होता, मी चुकलो नाही. आणि “हेच बोललास!” वर सुनंदा थांबली त्याच क्षणाला हायवेवरून एक ट्रक गेला, गाण्याच्या चालीचा हॉर्न वाजवत. पों पों पॅपॅ पों! आला तो थेट माइकमध्ये. परत घ्यावं म्हटलं तर लाइट गेली आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मणची बोट. दिनेशभाई म्हणाले, “चालशे! कोण ऐकतंय एवढं बारीक?”

सगळ्यांनी ऐकलं. तलासरीत कुणी विचारलं नाही, पण उंबरगावाकडच्या लग्नांत लोक डीजेला सांगायला लागले, “ते हॉर्नवालं लाव.” हॉर्न आला की अख्खा मांडव उडी मारायचा.

मग काय, दुसऱ्या अल्बमला दिनेशभाईंना हॉर्न पाहिजेच. वायर ओढून माइक हायवेपर्यंत नेला. मी हात करकरून ट्रकवाल्यांना सांगतोय, “हॉर्न द्या, हॉर्न!” तर एकही नीट वाजवेना. एरवी कान किटवतात मेले! शेवटी एक सरदारजी थांबले, सगळं ऐकून घेतलं, झकास तीनदा वाजवून दिला आणि म्हणाले, “कव्हरवर माझा फोटो येणार ना?”

आला. लक्ष्मणपेक्षा मोठा!

*

ते गाणं डहाणूला आलं तेही फॉरेनहूनच. लक्ष्मण होळीला आला होता. डहाणूच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानात त्यानं स्वतःचाच आवाज ऐकला. आत जाऊन विचारलं, “हे कुठलं?”

“गुजरातचं नवीन आहे. जाम चालू आहे तिकडं.”

“अरे, हे मी गायलंय!”

दुकानदारानं मानसुद्धा वर केली नाही. “सगळे असंच बोलतात. कार्ड दे, भरून देतो.”

लक्ष्मणनं भरून घेतलं. मी म्हटलं, “बावळटा, तुझ्याच घरात दिनेशभाईनं दिलेली पाच कार्डं पडलीत!” तर म्हणतो, “ती इथली. हे इम्पोर्टेड आहे.”

*

मग व्हिडिओ. तोवर सगळ्यांच्या फोनात व्हिडिओ दिसायला लागले होते, नुसत्या आवाजावर भागेना. दिनेशभाईंना फॉरेन लोकेशन पाहिजे होतं. आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. लक्ष्मणला ब्लेझर घातलेला, एप्रिल महिन्यात! सुनंदाला पिवळी साडी. आणि जिथं कॅमेरा लावायचा, नेमकी तिथंच गावातल्या मथीआजीची बोंबलांची वलांडी. दोरीवर बोंबील वाळत घातलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दिनेशभाई गोड आवाजात म्हणाले, “माजी, हे जरा थोडा वेळ बाजूला करशो?”

आजी म्हणाली, “शूटिंग तुमचा, बोंबील माझे. सूर्य दोघांचा. तुम्हीच सरका!”

सरकायला जागा नव्हती. भरती येत होती. शेवटी आजीनं तोड काढली. बोंबील हलणार नाहीत, पण तिला व्हिडिओत घेतलं तर माशा ती वारील. म्हणून अख्ख्या गाण्यात पुढे लक्ष्मण-सुनंदा प्रेमानं भांडतायत आणि मागे मथीआजी फडकं हलवतेय, तालात!

व्हिडिओ सेल्वासला जोरात चालला. तिकडून दिनेशभाईंना फोन आला, लग्नाला कलाकार पाठवा. दिनेशभाई फुलले. “लक्ष्मणभाई ने सुनंदाबेन, बेऊ, दोघं येणार!” समोरचा म्हणाला, “ते असू दे. ती फडकंवाली येईल का?”

*

आता खरोखरच्या फॉरेनची गोष्ट. नरपडला एका चिकूच्या वाडीत टेकबहादूर नावाचा राखणदार होता. नेपाळचा, पण इथं राहून मराठी आमच्याहून नीट. एकदा गावी निघाला तेव्हा माझ्याच रिक्षातून स्टेशनला गेला. वाटेत गाणं लागलं, त्याला आवडलं, मी त्याचं कार्ड भरून दिलं.

महिन्याभरानं त्याचा फोन. मागे ढोल, लोकांचा आरडाओरडा. “भाऊ, लवकर सांगा, ह्या गाण्याचा अर्थ काय सांगू?”

“का रे?”

“इथं देवीची मिरवणूक चालली आहे. पोरांनी हेच लावलंय, तीनदा झालं. आता गावातले म्हातारे विचारतात, ही बाई एवढी रागावून कोणाला बोलते?”

मी म्हटलं, “मग तू काय सांगितलंस?”

“मी सांगून टाकलं, देवी राक्षसाला दम देतेय.”

“मग विचारतोस कशाला?”

“आता ते विचारतात, मधे भोंगा वाजतो तो कशाचा!”

मी हे दिनेशभाईंना सांगितलं आणि चूक केली. दुसऱ्या दिवशी दुकानावर बॅनर. ‘नेपालमां सुपरहिट!’ खाली सुनंदाचा फोटो, हात जोडलेला. सुनंदानं तो बघितला आणि लक्ष्मणला म्हणाली, “बघ. तिकडं मला देवी मानतात. इथं तू साधी साडी आणत नाहीस.”

लक्ष्मण म्हणाला, “ह्या खेपेला नक्की.”

सुनंदासकट आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, “मागच्या खेपेला हेच बोललास!”

*

त्या खेपेला तो आला नाही.

दुसऱ्या बोटीच्या तांडेलाचा, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याचा, फोन आला, की लक्ष्मणची बोट पलीकडच्यांनी ओढून नेली, सगळे खलाशी आत टाकलेत, पाकिस्तानात. समुद्रात काय, रेघ मारलेली असते का? जाळं जिकडं ओढतं तिकडं बोट जाते. आमच्याकडे अशी घरं बरीच आहेत, तलासरीत आहेत, डहाणूत आहेत. पण आपल्या माणसावर आलं की कळतं. फोन नाही, निरोप नाही. माणूस बरा आहे की आजारी, जेवतो की नाही, काही कळायला मार्ग नाही.

सुनंदा स्टुडिओत यायची बंद झाली. मग एके दिवशी आम्हीच तिच्या पाड्यावर गेलो. मी अंगणातल्या कोंबड्या बघत बसलो. शेवटी दिनेशभाईंनी घसा खाकरला. माणूस मनानं सोन्याचा, पण तोंड उघडलं की पंचाईत! म्हणाले, “सुनंदाबेन, काळजी नको. आपला लक्ष्मणभाई फॉरेनला गेला.”

मला वाटलं, आता ही काठी घेते. मी चप्पल शोधायला लागलो. सुनंदा बघतच राहिली त्यांच्याकडे. आणि मग खदखदून हसली. “अल्बमचा प्रचार करायला पाठवलात काय, दिनेशभाई?” हसता हसता रडली, आणि आम्हीही रडलो. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत हजर. म्हणाली, “मी गप बसले म्हणून तो लवकर सुटणार आहे का? लावा माइक.”

*

पण नवऱ्याची कडवी गाणार कोण? माझ्यावर आलं. मी जीव तोडून गायलो हो! साडी आणीन, पैंजण आणीन, सगळं आणलं. सुनंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आवाज बरा आहे भावजी. पण तुम्ही खरंच आणाल असं वाटतं. मग मी भांडू कशी?”

आणि उंबरगावात आमचा अल्बम पहिल्यांदा पडला. दिनेशभाईंनी दोस्ताला फोन केला, “काल शू भरलं?” आणि ऐकून फोन ठेवला. माझ्याशी चार दिवस धड बोलले नाहीत.

मधूनमधून पलीकडून खलाशी सुटून यायचे. आमच्या बाजूचा कुणी आला असं कळलं, की मी रिक्षा काढायचो आणि सुनंदाला घेऊन त्याच्या घरी जायचो. ती लक्ष्मणचा फोटो दाखवायची. ते बिचारे बघायचे आणि म्हणायचे, “नाही बाय, आमच्या बरॅकीत नव्हता.” परत येताना ती रिक्षात फोटो पदराखाली धरून बसायची. मी रेडिओ लावायचो नाही.

*

हा शेवटचा किस्सा २०१९चा. होळी जवळ आली होती. दुकानात एक काटकुळा माणूस आला, नारगोलकडचा. कानजी नाव. नवा फोन घेतला होता, त्यात गाणी भरायची होती. दिनेशभाईंनी सवयीनं आधी आमचंच लावलं, लक्ष्मण-सुनंदाचं, पहिलं. सुनंदा कोपऱ्यात स्टुलावर चहा पीत बसली होती. मी की-बोर्डची वायर जोडत होतो.

कानजीनं थोडं ऐकलं आणि मान हलवली. “हे बरोबर नाय.”

दिनेशभाईंना लागलं. “शू बरोबर नाय? ओरिजिनल छे!”

“नवरा बरोबर आहे. बायको बरोबर नाय. गाते बरी, पण लक्ष्मणसारखी बायको हिला जमत नाय.”

माझ्या हातातली वायर सुटली. मी विचारलं, “कोण लक्ष्मण?”

“आमच्या बरॅकीतला. तलासरीचाच कुठला तरी. मला सोडला, तो अजून आत आहे. रोज हेच गाणं. नवऱ्याचं आम्ही सगळ्यांनी म्हणायचं आणि बायकोचं तो एकटा म्हणणार. दुसऱ्या कुणाला म्हणू देत नाय! तिथले शिपाईसुद्धा बाहेरून ओरडतात, ए लक्ष्मण, आज बायको नाही लावलीस?”

दिनेशभाईंचं तोंड उघडलं. “म्हणजे पाकिस्तानमां पण...” मी त्यांच्या पायावर पाय दिला. पण त्यांनी आपणच गाणं बंद केलं होतं.

सुनंदानं कप खाली ठेवला. “कसा आहे तो?”

“बरा आहे. तब्येत ठीक. डाळ पातळ म्हणून भांडतो रोज.”

“आणि बायकोचं कसं म्हणतो?”

कानजी लाजला. इकडेतिकडे बघितलं. मग खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला, एक हात कमरेवर ठेवला, नाक वर केलं आणि चिरक्या आवाजात सुरू झाला, “बोटीवरून येशील, काय आणशील रे?” मान अशी उडवली, बोट असं नाचवलं, की दिनेशभाई काउंटरला धरून हसायला लागले. मीही हसलो. हुबेहूब सुनंदा!

“अशी गाते ती?” सुनंदानं विचारलं.

“लक्ष्मण म्हणतो, त्याची बायको अशीच गाते. भांडते पण अशीच.”

सुनंदानं पदरानं डोळे पुसले, स्टूल ओढून कानजीच्या अगदी समोर आणलं आणि त्यावर बसली.

“परत म्हण,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”