माहेरची टीम जेवायला आली

आमच्या ओट्यावरून गावचं फुटबॉलचं मैदान दिसतं. दारातून निघालं की पन्नासेक पावलं. तरी त्या मैदानावर वर्षातून एक दिवस मी पाहुणी असते, आणि पाहुणी म्हणजे विरुद्ध पक्षाची. माझं माहेर म्हणजे निर्मळ गाव. नाताळ होऊन गेला की एका रविवारी निर्मळची टीम आमच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, गावात खेळायला येते. चाळिशी उलटलेल्या पुरुषांचा सामना असतो. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाची कंबर धरलेली, पण ईर्षा अशी की बघत राहावं.

मैदान छोटंसंच. एका अंगाला चर्चच्या शाळेची भिंत आणि तिच्यालगत चिंचेची झाडं, दुसऱ्या अंगाला केळीची वाडी. चिंचेच्या सावलीत गावची माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसतात. पाहुण्यांनी बसायचं समोर, वाडीच्या कुंपणाशी, जिथे दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येतं. हे कोणी ठरवलं कोण जाणे, पण सव्वीस वर्षं मी घरातून स्वतःची खुर्ची उचलते, अख्खं मैदान ओलांडते आणि छत्री उघडून उन्हात बसते. निर्मळहून स्कूटरवर आलेले चारपाच जण असतात सोबतीला. पलीकडे सावलीत माझं सगळं सासर बसलेलं.

"अहो, घरची सून आहे आपली, तिला इकडे बोलवा," असं पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं होतं. मी तिथूनच असं काही उत्तर दिलं की पुन्हा कोणी विचारलं नाही. मला राग लवकर येतो. हे मी नाही म्हणत, गाव म्हणतं.

शिट्टीवर चर्चचे फादर असतात. त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना शिव्या गिळाव्या लागतात आणि वाडीत जे पिकतं त्यावर भागवावं लागतं. "अरे सुरणा, पास दे!" "काय बघतोस दुधीभोपळ्या!" असं चाललेलं असतं. सर्वांत खणखणीत आवाज माझ्या सासूबाईंचा. वय ऐंशीच्या घरात, खुर्ची मधल्या रेषेवर. खेळाचे नियम त्यांना एक म्हणता एक ठाऊक नाहीत, पण प्रत्येक खेळाडूची तीन पिढ्यांची कुंडली पाठ. आपल्याच माणसाचा पाय चुकला तर ओरडतात, "तुझा बाप असा नव्हता रे!"

निर्मळचा गोलकीपर म्हणजे माझा धाकटा भाऊ. निर्मळच्या मैदानावर आम्ही कैक वेळा जिंकलोय. इथे मात्र एकदाही नाही. (आम्ही म्हणजे नक्की कोण, असं आमचे हे दर वर्षी विचारतात. मी दर वर्षी उत्तर देत नाही.) यंदा डॉक्टरांनी भावाला स्पष्ट सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आणि त्यानंतर खेळ बंद. म्हणजे हा त्याचा शेवटचा सामना होता. फोनवर मला म्हणाला, "ताई, एकदा फक्त. त्या मैदानावरून एकदा जिंकून बाहेर पडू दे. मग गुडघा कापा नाहीतर विका."

माझा जीव तुटला. मी म्हणाले, "मग यंदा आधी घरी जेवायला या. सगळी टीम घेऊन ये."

तो हो म्हणाला.

आमच्या ह्यांच्याकडे गावच्या टीमची सगळी व्यवस्था असते. मैदानावर फक्कीच्या रेषा मारणं, बर्फ आणणं, जाळीची भोकं शिवणं. ते शत्रुपक्षाचे, पण माणूस सरळ. म्हणाले, "अगं, खेळायच्या आधी जेवतात का कोणी? एक केळं द्यावं फार तर."

सासूबाई कडाडल्या. "केळं? निर्मळच्या माणसांना केळं? रोज टेम्पो भरभरून विकतात ते! सुनेचा भाऊ पहिल्यांदा माणसं घेऊन येतोय, आणि त्याच्या हातावर केळं ठेवायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

मला वाटलं, बाई गं, आज सूर्य पश्चिमेला उगवला. सव्वीस वर्षांत सासूबाईंनी माझ्या माहेरासाठी इतकं पुढे होऊन काही केलं नव्हतं. मी विरघळले. दोन दिवस आम्ही दोघी स्वयंपाकघरातून बाहेर आलो नाही. कोलंबीचं भुजणं, कोंबडीचा रस्सा, वडे, भरलेली पापलेटं, भात, आणि शेवटी नारळाच्या गोड दुधातल्या शेवया.

बारा वाजता टेम्पो आला. तेरा जण उतरले. पडवीत समोरासमोर दोन पंक्ती मांडल्या, केळीची पानं टाकली. सासूबाई मधोमध खुर्चीवर बसल्या आणि मी पदर खोचून वाढायला घेतलं.

काय सांगू, किती छान वाटत होतं! माझ्या घरात माझ्या गावचे तेरा पुरुष, तेराही जण हाताची बोटं चाटत होते. कोणी म्हणालं, "ताई, भुजणं अगदी काकूंच्या हातचं," म्हणजे माझ्या आईच्या. मी वाऱ्यावर चालत होते. आणि सासूबाई मागून सांगत होत्या, "त्याला वडे वाढ गं. त्याचं पान रिकामं दिसतंय. अगं, हात का आखडतेस?"

दुसऱ्या वाढीला सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "बास ताई, खेळायचंय."

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा मैदानावर खेळायला असं किती पळायचं असतं? वाढ गं."

भावाने एकदा पानावर आडवा हात धरला. सासूबाईंनी गोड आवाजात विचारलं, "का हो, ताईच्या हातचं रुचत नाही वाटतं?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. मी दोन वडे घातले.

तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. आमचे हे चौकटीला टेकून उभे होते आणि ओठ दाबून हसत होते. त्यांच्यामागे ओट्यावर आमच्या गावची टीम दिसली. सगळे एकेक केळं सोलून लिंबूपाणी पीत बसले होते.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. पण आता करायचं काय? पंक्तीत मध्येच ओगराळं खाली ठेवलं तर माहेरच्या माणसांना वाढताना हिचा हात जड झाला, असं सासर म्हणणार. आणि ते तेरा जण! तेही माझ्यासारखेच अडकलेले. पाहुण्याने आग्रह मोडला तर यजमानीण दुखावते आणि यजमानणीने आग्रह केला नाही तर पाहुणा. मी वाढत राहिले, ते खात राहिले. शेवया दोन दोन वाट्या झाल्या. विडे झाले. गोलच्या जाळीसारखे सैल पडून सगळे पडवीत भिंतीला टेकले आणि त्यातले दोघं चक्क घोरू लागले.

साडेतीनला शिट्टी झाली.

निर्मळची टीम मैदानात उतरली ती वरातीतल्या वऱ्हाडासारखी, सावकाश, एकमेकांना सांभाळत. सेंटर फॉरवर्डला बॉल मिळाला तर त्याने तो नुसता थांबवला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. डाव्या बाजूचा खेळाडू दहाव्या मिनिटाला फादरांजवळ गेला, कानात काही बोलला आणि शाळेच्या मागे असलेल्या संडासाकडे गेला. तो परत आला तेव्हा मध्यंतर व्हायला आलं होतं. मी उन्हातून ओरडत होते, "अरे पळा की रे सुरणांनो!" माझ्या शेजारी निर्मळचे जे दोघं राखीव खेळाडू बसले होते तेही आमच्याकडेच जेवलेले. त्यातल्या एकाने अर्धवट डोळे उघडून टाळी वाजवली.

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "जेवण कसं होतं?" अख्खी सावली हसली.

गोल मात्र होत नव्हता. कारण आमच्या गावच्या टीमलाही काही फार खेळता येतं अशातला भाग नाही. चाळिशी त्यांचीही उलटलेलीच. दोनदा बॉल केळीच्या वाडीत गेला, एकदा बारच्या वरून गेला. भाऊ गोलमध्ये खांबाला धरून उभा होता. दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघून हात वर करायचा, म्हणजे काळजी करू नकोस. मला वाटायला लागलं की बरोबरीत तरी सुटेल. मग पेनल्टी होतील, आणि पेनल्टीत भाऊ कोणाला ऐकत नाही. मी देवाला म्हटलं, एवढं कर बाबा.

शेवटची दोनचार मिनिटं उरली असतील. आमच्या गावच्या एका खेळाडूने लांबून लाथ मारली. ती नीट बसलीच नाही, अंगठ्याला लागली असावी. बॉल घरंगळत निघाला, आणि इतका सावकाश की मधून एक कुत्रं आडवं गेलं ते सुद्धा घाई न करता. भाऊ त्याच्याकडे बघत होता. वाकला. गुडघ्यापर्यंत हात आले आणि तिथेच थांबले. त्याच्या पोटाने पुढे वाकायला साफ नकार दिला. त्याने बाजूला पडायचा प्रयत्न केला, पण आधी एक गुडघा टेकला, मग हात टेकला, मग दुसरा गुडघा. तोवर बॉल त्याच्या शेजारून आत गेला आणि जाळीपर्यंतही पोचला नाही, रेषेच्या आत जाऊन थांबला.

सावलीत दंगा उसळला. फादरांनी दोन मिनिटांनी शेवटची शिट्टी मारली. भाऊ तसाच जमिनीवर बसून होता.

मी छत्री फेकली आणि तरातरा मैदान ओलांडून सावलीत गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. "आई," मी म्हणाले, "हे तुम्ही मुद्दाम केलंत! माझ्या भावाचा शेवटचा सामना होता!" आणखीही बरंच बोलले. फादर मध्ये येऊन "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते. त्यांनाही मी सांगितलं की तुम्ही यात पडू नका.

सासूबाईंनी डोळ्यांची पापणीही हलवली नाही. "मी नुसतं बोलत होते," त्या म्हणाल्या. "वाढत कोण होतं?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी पाय आपटत घरी आले.

थोड्या वेळाने भाऊ लंगडत आला आणि ओट्यावर बसला. ह्यांनी मुकाट्याने बर्फ आणून दिला आणि आत निघून गेले. उरलेला सगळा राग मी भावावर काढला. "तुला तोंड नव्हतं? एक शब्द, 'नको', एवढाच म्हणायचा होता. मी बाई आंधळेपणाने वाढत सुटले, पण तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं," तो म्हणाला.

"मग?"

तो गुडघ्यावर बर्फ फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, आई-बाबा या घरात कधी जेवले नाहीत."

आमच्याकडे जुनी पद्धत आहे. मुलीला मूल होईपर्यंत आई-वडिलांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. आम्हांला मूल झालं नाही. बाबा यायचे, केळीचा घड ओट्यावर टेकवायचे, पाणी प्यायचे आणि जेवायची वेळ व्हायच्या आत उठायचे. आईला मी एकदा हाताला धरून बसवलं, रागावले, रडले सुद्धा. ती म्हणाली, पुढच्या वेळी नक्की. दोघंही गेले. या गोष्टीचं मला काय वाटतं ते मी कधी कोणापाशी बोलले नव्हते, ह्यांच्यापाशीही नाही. भावाच्या तर ते लक्षातही नसेल, असं मी धरून चालले होते.

"आज तू वाढत होतीस ना," तो म्हणाला, "तेव्हा तुझं तोंड बघत राहावं इतकी खूश होतीस. पानावर हात धरला होता मी. पण मग तुझ्याकडे बघितलं. नाही म्हणता येईना."

मला रडू आलं. भरपूर आलं. शेजारीण कुंपणावरून बघत होती, तिला बघू दिलं.

तो गोंधळला. लहानपणापासून मी रडले की तो गोंधळतो. "अगं, जेवणाचा काही संबंध नाही," तो घाईघाईने म्हणाला. "उपाशी असतो तरी तो बॉल मला अडवता आला नसता. केवढ्या जोरात आला बघितलंस ना?"

माझ्या जिभेवर आलं होतं, अरे भोपळ्या, कुत्रं त्याच्याहून जोरात गेलं.

"हो रे," मी म्हणाले. "फारच जोरात होता तो."