पंखा डायरेक्ट करून मिळणार नाही

गाडी दारात येऊन उभी राहिली की मिस्त्री आधी बॉनेटवर हात ठेवायचा. तळहात नव्हे, पालथा हात. आई लेकराचा ताप बघते तसा. मग हात काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "पहिले थंडी होऊ द्या. मंग बोलू." गाडीवाला कितीही घाईत असो, वाफ कितीही फुसफुसत असो, हा आपला जुन्या टायरवर बसून राहायचा. एखादा स्वतःच रेडिएटरचं झाकण उघडायला गेला तर मात्र ओरडायचा. एरवी त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

अहेरीहून आलापल्लीकडे जाताना एका मोहाच्या झाडाखाली त्याचं दुकान होतं. काम गाड्यांच्या वायरिंगचं. पत्र्यावर त्याने स्वतः ब्रशने लिहिलं होतं, 'येथे पंखा डायरेक्ट करून मिळणार नाही.' काय मिळतं ते न लिहिता काय मिळणार नाही तेवढंच लिहिणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही.

डायरेक्ट म्हणजे काय, ते आमच्याकडच्या गाडीवाल्यांना सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. गाडी पळत असते तोवर समोरचा वारा इंजिन थंड ठेवतो. ती थांबली की आतलं पाणी तापतं, एक सेन्सर ते ओळखतो आणि रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप फिरायला लागतो. तो फिरला नाही तर बहुतेक मिस्त्री दोष शोधत बसत नाहीत. बॅटरीवरून एक वायर आणून पंख्याला जोडून देतात. चावी फिरवली की पंखा सुरू, गरज असो वा नसो. दहा मिनिटांचं काम आणि गिऱ्हाईक खूश.

"पंखा फिरून राह्यला म्हंजे बिमारी गेली असं गाडीवाल्याले वाटते," मिस्त्री म्हणायचा. "मंग तो पाहतच नाई ना! अंदरून पानी कमी होऊन राह्यलं, पाइप सडून राह्यला, अन् हा पंख्याचा आवाज आयकत बसते."

हे शहाणपण त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. दुकानात मागच्या खाटेवर त्याचा मोठा भाऊ बसलेला असायचा. नटबोल्ट बोटांनी चाचपायचा आणि मापाप्रमाणे डब्यांत टाकायचा. त्याला दिसत नव्हतं. पूर्वी तो भाड्याची गाडी चालवायचा आणि तिचा पंखा मिस्त्रीनेच डायरेक्ट करून दिला होता. आत पाणी झिरपत होतं, पण पंख्याच्या भरवशावर कोणी पाहिलं नाही. भामरागडच्या वाटेवर गाडी उकळली. सवाऱ्या घाई करत होत्या म्हणून भावाने तापलेलं झाकण उघडलं. हे मला भावानेच सांगितलं, तेही हसत हसत. तो सांगत असताना मिस्त्री उठून बाहेर गेला. पाटी त्यानंतरची होती.

मी हिवतापाच्या कामावर. गावोगाव फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि तपासायचा. मी डॉक्टर नाही हे मिस्त्रीला शंभरदा सांगितलं असेल, पण तो ऐकेल तर शपथ. "तुमचं माहं काम एकच हाये, डॉक्टर. तुमी ताप पाहता, मी बी तापच पाहतो. तुमचं गिऱ्हाईक रडते, माहं रडत नाई, एवढाच फरक." मला हे फार आवडायचं. कार्यालयात माझ्या कामाला इतका मान कोणी देत नव्हतं.

पहिल्या भेटीतच त्याने माझी लाज काढली होती. धानाच्या दिवसांत आमच्याकडे लोक पेंढ्या रस्त्यावर पसरतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी उरकतात. ते भूस उडून रेडिएटरमध्ये बसतं. ते बसू नये म्हणून मी डोकं चालवलं आणि वाटपातून उरलेल्या मच्छरदाणीची चौघडी करून रेडिएटरपुढे बांधली. भूस थांबलं, वाराही थांबला, आणि गाडी तापायला लागली. मिस्त्रीने दोरी सोडली, जाळी हातात धरून उलटसुलट पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, इंजिनाले मच्छर चावते का?"

खाटेवरून भाऊ इतका हसला की त्याच्या मांडीवरचा डबा सांडला.

पुढच्या खेपेला मी एक चांगली मच्छरदाणी आणून दिली. त्याने ती भावाच्या खाटेवर बांधली. "आणि तुम्ही?" मी विचारलं. "मले काऊन चावन? माह्या आंगाले ग्रीसचा वास हाये." यावर मी त्याला चांगलं व्याख्यान द्यायला हवं होतं. गावोगाव तेच तर देतो. त्या दिवशी मी फक्त हसलो.

त्याच्याकडे दोन सारखीच पातेली होती. एकात चहा व्हायचा, दुसऱ्यात सेन्सर उकळायचा. सेन्सरला वायरीने बल्ब जोडून तो पाणी तापवत ठेवायचा. उकळी यायच्या बेतात बल्ब लागला तर सेन्सर चांगला. एकदा त्याच्या माघारी एका वनरक्षकाने नेमकं ते दुसरं पातेलं घेऊन चहा केला आणि पिऊनही टाकला. मिस्त्री परत आला, पातेल्याकडे पाहिलं, वनरक्षकाकडे पाहिलं. "आता तुमाले गरमी झाली का लाइट लागन," म्हणाला.

अशा माणसाबद्दल हसत हसतच लिहावं, असं मी ठरवलं होतं. पण त्या ऑक्टोबरच्या सकाळपाशी येऊन थांबतो.

गडचिरोलीला महिन्याची बैठक होती. आलापल्लीच्या अलीकडेच तापमानाचा काटा वर चढला. पळताना गाडी ठीक, थांबली की तापायची. मी मिस्त्रीच्या दारात गाडी लावली. त्याने नेहमीप्रमाणे बॉनेटवर पालथा हात ठेवला. पण त्या दिवशी हात उचलला नाही. ऊब घेत असल्यासारखा तसाच ठेवून उभा राहिला. इतक्या उकाड्यात त्याच्या अंगात स्वेटर होता. हे सगळं मी पाहिलं. ताप पाहणं हाच माझा धंदा.

"मिस्त्री, आजच्यापुरतं डायरेक्ट करून द्या. परवा येतो."

त्याने हनुवटीने पाटी दाखवली आणि कामाला लागला. फ्यूज पाहिला. हॉर्नचा रिले, म्हणजे विजेचा खटका, काढून पंख्याच्या जागी लावून पाहिला. पंख्याला बॅटरी दिली, तर पंखा फिरला. सेन्सरची वायर काढून तिची दोन टोकं जोडली, तरी फिरला. म्हणजे बाकी सगळं शाबूत होतं, फक्त सेन्सर गेला होता. बाहेर काढला तर त्यावर बोअरच्या पाण्याचा लाल थर. कुलंटऐवजी मी तेच पाणी ओतत होतो. मिस्त्री एरवी यावर दोन शब्द तरी बोलला असता.

नवा सेन्सर त्याने पातेल्यात सोडला आणि स्टोव्हजवळ उकिडवा बसला. त्याचे दात वाजत होते.

"डॉक्टर, कालपासून आंगात हीव भरून राह्यलं. तुमच्या पिशवीत गोळी असन तं द्या."

"रक्त द्या आधी."

"गाडी पाह्यजे का रक्त पाह्यजे? एकच सांगा." तो हसत होता.

मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, "आधी गाडी."

तपासणीचं किट मागच्या सीटवर होतं. एक थेंब रक्त आणि पंधरा मिनिटं. त्या पातेल्यातल्या पाण्याला उकळी यायला तेवढीच पंधरा मिनिटं लागली, आणि आम्ही दोघं बल्ब कधी लागतो ते बघत बसलो. मी त्याला नुसता ताप उतरवणाऱ्या चार गोळ्या दिल्या. दोन तिथेच घ्यायला लावल्या. थोड्या वेळाने त्याला घाम फुटला, त्याने स्वेटर काढला. "गोळीनं काम केलं, डॉक्टर!" म्हणाला. सेन्सर बसवून त्याने गाडी सुरू केली. पंखा लागला, बंद झाला. त्याने पुन्हा लागेपर्यंत वाट पाहिली. "दोनदा पाहाव लागते," म्हणाला. निघताना मी त्याला सांगितलं, परत येताना रक्त घेतो.

बैठकीत पुन्हा एकदा सांगण्यात आलं, तापाचा एकही रुग्ण रक्त तपासल्याशिवाय सोडू नये. मी वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी परत येताना दुकान उघडंच होतं, पण उशीर झाला होता आणि गाडी छान चालत होती. मी थांबलो नाही.

पाचव्या दिवशी गेलो तर भाऊ एकटाच खाटेवर होता. त्याने सांगितलं, तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री उठलाच नाही, हाका मारल्या तर भलतंच बोलायला लागला. गावकऱ्यांनी गाडी केली. गडचिरोलीच्या वाटेतच संपला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेऊन सांगितलं, मेंदूचा हिवताप.

भावाने हात पुढे करून माझा हात शोधला. "साहेब, तुमच्या गोळीनं लय आराम पडला होता त्याले. रोज म्हने, डॉक्टरनं गोळी देल्ली, आता काई नाई होत. दवाखान्यात चाल म्हटलं तं आयकेच नाई."

तो माझे आभार मानत होता. मी त्याला खरं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

आता मी रक्त घेतल्याशिवाय कोणाला गोळी देत नाही. याचं मला कौतुक नको. ते आधीही माझं कामच होतं.

पाटी अजून आहे. त्या वाटेने जाताना मी मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवून चावी काढतो. इंजिन बंद होतं, पण पाणी तापलेलं असेल तर पंखा फिरतच राहतो. आतून भाऊ विचारतो, "कोन हाये?" मी काच खाली करून पंखा आपोआप बंद होईपर्यंत बसून राहतो.