पाणी नितळ येईपर्यंत

आमच्या पाळी गावात एके काळी धूळ एवढी होती, की कोंबडी पांढरं अंडं घालायची आणि ते जमिनीला टेकेपर्यंत तांबडं व्हायचं. हे मी सांगितलं की लोक हसतात. माझा थोरला भाऊ हसत नसे. "खोटं सांगतो मरे हा," असं म्हणून तो थोडं थांबायचा. "कोंबडीच तांबडी होती."

दादाचं माझ्याविषयीचं मत साऱ्या गावाला माहीत होतं. माझी गजाल, म्हणजे मी सांगितलेली गोष्ट, चाळणीतून गाळली तर हातात फक्त चाळणी उरते, असं तो म्हणे. तरी संध्याकाळी मी गेलो नाही की माणूस पाठवून बोलावूनही तोच घ्यायचा.

आम्ही दोघांनी लोखंडाच्या खाणीवर टिपर चालवले. एवढी माती वाहिली, की मध्येच थांबलो नसतो तर डिचोली तालुका आज समुद्रसपाटीखाली असता. मग खाणी बंद पडल्या. मी माझा टिपर वेळेत विकून साखळी गावात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवू लागलो. दादा म्हणाला, "सुरू होतील परत." त्याचा टिपर दारात उभा राहिला. चाकांतून रानवेल चढली, केबिनमध्ये मुंगसानं संसार मांडला. त्या मुंगसाच्या मुलीचं लग्नही तिथंच लागलं, मला आमंत्रण होतं. शेवटी भंगारवाला आला. इंजिन काही केल्या उठेना, तेव्हा त्यानं साखळी लावून टिपर ओढत नेला. दादा बलकांवात, घरापुढच्या ओट्यावर, रस्त्याकडे पाठ करून बसला होता. साखळीचा खणखणाट वळणापलीकडे जाईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. मग म्हणाला, "या घरातनं परत काही ओढून न्यायचं नाही."

उरली त्याची छोटी पेट्रोल गाडी. पण हळूहळू त्याला ती चालवता येईना. छातीत धूळ बसली आहे, असं डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. घरात दोन मशीन आली. मोठं ऑक्सिजनचं, खोलीत दिवसरात्र घुमणारं; आणि दुसरं डब्याएवढं, औषधाची वाफ करून तोंडावाटे छातीत सोडणारं. नाकाला नळी लावून दादा बलकांवातल्या कदेलावर, त्याच्या खुर्चीवर, बसायचा आणि समोर उभ्या गाडीकडे बघायचा. एक दिवस त्यानं ती विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही मिळालं, पेडण्याचा एक तरणा गडी. विमानतळावर कामाला लागलेला. रविवारी जेवण करून येतो म्हणाला.

"इंजिन धुवायचं," दादानं मला फर्मावलं.

"इंजिन कोण बघतो? वरून चकचकीत करू."

"आपली माती... दुसऱ्याच्या दारात... पाठवायची नाही." त्याला एका दमात चार शब्दांपलीकडे जाता येत नसे. "आणि सेल्फ मारल्याबरोबर... सुरू होऊन... चालत जाऊ दे."

चालत जाऊ दे, हे त्याचं खरं म्हणणं होतं. माती हे निमित्त.

रविवारी सकाळी मी वॉशिंगवाल्याचा प्रेशर पंप मागून घेऊन गेलो. त्या पंपाचा जोर असा, की समोर म्हैस उभी केली तर शिंगं शेजारच्या गावात सापडावीत. दादानं काठी आपटली. "परत ने तो. टिपर नव्हे ही." डिझेलच्या जुन्या टिपरचं इंजिन म्हशीसारखं न्हाऊ घातलं तरी चाले. या गाडीला वायरी, सेन्सर, फ्यूज. पाणी भलत्या जागी गेलं की ती रुसून बसणार.

तेव्हा मी गुमान त्याच्या शब्दात राहिलो. इंजिन थंड होतंच. बॅटरीची उणे बाजूची वायर सोडली. अल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि हवा ओढणारं तोंड यांवर वैनीनं दिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून दोऱ्यानं आवळल्या. पहिल्यांदा रंगाच्या ब्रशानं कोरडी धूळ झाडली. ती एवढी निघाली, की एक बार्ज भरून परदेशी रवाना करता आली असती. मी डिझेलचा कॅन उचलला तर वरून काठी वाजली. "रबर खातं ते. आणि पेटतं." मग साबणाचं पाणी, दात घासायचा जुना ब्रश, ओलं फडकं. वरून तांब्यानं जरासंच पाणी. दुपारपर्यंत वरचा भाग असा निघाला, की वैनी बघून म्हणाली, "भावजी, माझी भांडी पण तुम्हीच घासा आता."

फक्त खालून टपकणारं पाणी तांबडं होतं.

हे सगळ्या टिपरवाल्यांना कळेल. गणेश चवथीच्या आधी आम्ही नदीवर टिपर न्यायचो, तेव्हा नियम एकच: खालून सांडणारं पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं नाही. पाणी तांबडं असताना कुणी नारळ फोडला, तर वर्षभर टोमणे. दादा आमच्यातला सगळ्यांत हट्टी. त्याचा टिपर धुऊन झाला की नदी आटलेली असायची.

"नितळ नाही ते," दादा म्हणाला.

"पुरे आता. पुसून घेतो."

"नितळ नाही."

"तूच म्हणालास ना, पाणी कमी वापर?"

तो उठला. नाकाची नळी काढून कदेलाच्या हातावर ठेवली, कठड्याला धरून पायऱ्या उतरला. वैनी दारातून ओरडली, "अहो, करता काय?" बागेचा पाईप पडला होता तो त्यानं उचलला, तोंडावर अंगठा दाबला आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथं ब्रश पोचत नव्हता तिथं, धार सोडली. मला पाईप हिसकावून घेता आला असता. पण कित्येक महिन्यांत मी त्याला उभा राहून काही करताना पाहिलं नव्हतं.

घरची पाण्याची टाकी संपली. शेवटचा थेंबही तांबडाच.

मी पुसून काढलं, पिशव्या उतरवल्या, बॅटरी जोडली. सेल्फ मारला. इंजिन नुसतं घरघरलं. परत मारला. तेच. आणि नेमका तेव्हाच पेडण्याचा तो गडी मित्राची जीप घेऊन दारात हजर.

त्यानं बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं. माणूस भला होता, म्हणूनच म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. दोरी आहे माझ्याकडे. जीपला बांधून नेतो, तिकडे मेकॅनिक आहे ओळखीचा."

दादा परत कदेलावर नळी लावून बसला होता. त्यानं रस्त्याकडे पाठ करायला सुरुवात केली. मला ती पाठ ओळखीची होती.

"दोरी नको," मी म्हणालो. "प्लगच्या विहिरींत पाणी भरलंय, दुसरं काही नाही." या इंजिनात प्लग खोल भोकात बसतात. तिथलं पाणी निघाल्याशिवाय प्लग सोडवला तर ते थेट सिलिंडरमध्ये जातं. वरच्या कॅप उपसल्या, काडीला जुनं लुगडं गुंडाळून पाणी टिपलं. तरी तळाशी ओल राहिलीच. ती काढायला हवेचा कॉम्प्रेसर हवा, आणि रविवारी दुपारी सगळी गॅरेजं बंद.

"माझं मशीन आण," मागून दादाचा आवाज आला.

"ऑक्सिजनचं?"

"गाढवा! इंजिनावर ऑक्सिजन? आजच सगळ्यांना... वर न्यायचंय तुला? ते बारकं आण. वाफेचं."

वैनी आडवी आली. "तुमची वाफ घ्यायची वेळ झालीय आता."

"मी थांबतो. हा माणूस... किती थांबेल?"

त्या डब्यात कॉम्प्रेसरच असतो, खेळण्यातला. बलकांवातून वायर ओढली, औषधाचा पेला काढला, आणि जी नळी रोज दादाच्या तोंडापाशी जायची ती मी प्लगच्या विहिरीत सोडली. ही गजाल मी नाक्यावर सांगतो तेव्हा एका फुंकरीत गाडी सुरू होते आणि पेडण्यापर्यंत ब्रेक लागत नाही. खरं म्हणजे पुष्कळ वेळ गेला. मध्ये दादाला आत नेऊन आडवं करावं लागलं. पेडणेकर गडी दोरी जीपमध्ये टाकून माझ्यासोबत वाकून नळी धरत बसला. आतून दादाच्या खोकण्याचा आवाज येई तेव्हा आम्ही दोघं मशीनकडे बघायचो.

सगळं जोडून सेल्फ मारला तेव्हा दादा दारात येऊन उभा होता. इंजिन खोकलं. थरथरत तीन सिलिंडरवर लंगडलं. मग चौथा आला आणि ते एकसुरात फिरू लागलं.

"ऐकलंस?" दादा वैनीला म्हणाला.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. वैनी आत जाऊन ती नळी उकळत्या पाण्यात धूत होती. पाणी टाकायची, पुन्हा घ्यायची. मी नवीन नळी आणतो म्हणालो. तिनं परत पाणी उकळायला ठेवलं.

चवथीच्या आधल्या आठवड्यात अॅम्ब्युलन्स आली. दोघंजण स्ट्रेचर घेऊन पायऱ्या चढले. दादानं हातानंच नको म्हटलं. मी ऑक्सिजनचा सिलिंडर उचलून त्याच्यासोबत चाललो. पायरी, मग दम, मग पायरी. फाटकापाशी तो थांबला आणि म्हणाला, "सांग काहीतरी."

"आमच्या पाळीत धूळ एवढी होती," मी सुरू केलं, "की कोंबडी..."

"कोंबडीच... तांबडी होती," तो म्हणाला, आणि आपल्या पायांनी अॅम्ब्युलन्समध्ये चढला.

इस्पितळातून त्याला परस्पर स्मशानात नेलं. घरातून त्याला कुणी उचलून नेलं नाही.

पेडण्याचा तो गडी अजून मधूनमधून फोन करतो. "काका, गाडी झकास आहे. पण बॉनेट धुतलं की पाणी अजून तांबडंच येतं हो."

"येऊ दे," मी म्हणतो. "फडक्यानं पूस. पाईप घेऊ नको."