राजेळीवरचा पहारा

आमच्या काकासारखा भित्रा माणूस वसईच्या खाडीपासून विरारच्या डोंगरापर्यंत सापडायचा नाही. माणसांना तो भीत नाही, भुतांना तर मुळीच नाही. हातचं जाईल, एवढीच त्याची भीती. वाडीतल्या राजेळी केळी गेल्या वादळानं झाडून झोपवल्या. एकच उभी राहिली आणि तिला केळ्यांचा लोंगर लागला तो थेट माझ्या उंचीचा! माझी उंची विचारू नका.

काकूनं त्याची सुकेळी करायला घेतली. पिकलेली केळी सोलून मांडवावर उन्हात टाकायची, मधाचा रंग येईपर्यंत. आमच्या आळीत हे करणारी आता ती एकटीच. मी रविवारी एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटवरून वाडीत गेलो, तर काका काठी घेऊन मांडवाशी उभा.

"कावळ्यांना खबर लागलीय," तो कुजबुजला. "पार जूचंद्रहून आलेत."

समोरचं आंब्याचं झाड काळंभोर दिसत होतं, हे मी शपथेवर सांगतो.

काकू बाजारात गेली तेवढ्यात काकानं सगळ्या केळ्यांवर प्लास्टिक ओढलं, चहूबाजूंनी विटा रचल्या. मुंगीलाही वाट नाही! काकू परतली तोवर आत घाम सुटला होता.

"अहो, सुकवताय की उकडताय?"

"कावळ्यांनी नेली असती तर?"

"मग ही काय राहिली?"

तिनं प्लास्टिक भिरकावलं, बुळबुळीत झालेली केळी कुंपणावर कावळ्यांना मांडली, बाकीची पुन्हा उन्हात.

"पोट भरल्यावर कशाला येतील? तुम्ही जेवून उठल्यावर परत बसता का?"

"मी बसतो," मी म्हटलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो, तर निम्म्याहून जास्त सुकेळी वाचली होती. एक तोंडात टाकली, तर माझ्या दाढा तासभर एकमेकींना सोडेनात.

मग काकूनं त्या केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं आळीत वाटायला उपटली. काका आडवा आला.

"सगळी आपल्याच वाडीत लाव!"

"आधीच्या केळी एकाच वाडीत होत्या, म्हणून एका वाऱ्यात गेल्या ना?"

काकानं एकेक पिल्लू टोपलीत रचलं. मग त्यानंच टोपली डोक्यावर घेतली.

भीती गेली म्हणता? छे! दसपट झाली. आधी एका केळीची होती, आता साऱ्या आळीची आहे. रोज सकाळी तो प्रत्येक कुंपणावरून डोकावतो, "पाणी घातलंत का?" पिल्लांनी सगळीकडे पानं टाकलीत. आणि लोक? काका वळणावर दिसला, की आधी पंप सुरू करतात, मग त्याला 'या' म्हणतात.