रुक्मिणीच्या नावाचं हॉल तिकीट

"फोटो काशीचा हाय, नाव माझं हाय. बरोबर हाय मॅडम सगळं," त्या बाईनं अगदी सहज सांगितलं आणि हॉल तिकीट माझ्यापुढे परत सरकवलं.

फेब्रुवारीतली दुपार होती. गेवराईत आमचा क्लास एका खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. मी तिथं दहावीचं गणित आणि विज्ञान शिकवते. शिवाय जी मुलं शाळेत जात नाहीत, त्यांचे परीक्षेचे फॉर्म भरून देते. त्या दिवशी मी हॉल तिकिटं वाटत होते. पहिला पेपर नऊ दिवसांवर होता. माझ्यासमोर दोघी उभ्या होत्या. एक माझी विद्यार्थिनी रुक्मिणी, वय अठराच्या आसपास. दुसरी तिची बहीण, कडेवर बाळ घेतलेली. वडील मेंढरांमागे होते, म्हणून ती पहिल्यांदाच क्लासवर आली होती. मी सगळ्यांना सांगते तसं तिला सांगितलं, की नाव, जन्मतारीख आणि फोटो नीट तपासून घ्या. त्यावर तिनं हे उत्तर दिलं.

"तुमचं नाव काय, ताई?" मी विचारलं.

"रुक्मिणी."

"मग ही कोण?"

"ही काशी. माझ्यापरीस दीड वर्षानं ल्हान."

जिला मी आठ महिने रुक्मिणी म्हणून हाक मारत होते, ती मान खाली घालून उभी होती. हाक मारली की ती नेहमी जरा उशिरानं उठायची. मला वाटायचं, लाजाळू आहे.

मी मुळात घाबरट बाई आहे. घरी गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत जाणारी. माझ्या पोटात गोळा आला आणि तो पुढचे नऊ दिवस गेला नाही.

का आला ते सांगते. जो विद्यार्थी शाळेत न जाता थेट दहावीला बसतो, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यासोबत जुन्या शाळेचा दाखला आणि आधार कार्ड जोडायचं. तो फॉर्म जवळच्या एखाद्या शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. त्या शाळेचे मुख्याध्यापक हॉल तिकिटावर सही करतात, म्हणजे हा विद्यार्थी आम्हाला माहीत आहे अशी हमी देतात. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला जो बसतो, त्याला डमी म्हणतात. डमी सापडला की साधी कॉपी पकडल्यासारखं प्रकरण मिटत नाही. पोलीस येतात, गुन्हा दाखल होतो. आणि फॉर्म कुणी भरला, हा प्रश्न लगेच पुढे येतो. फॉर्म मी भरला होता. कागद व्हॉट्सॲपवर मागवले होते, फोटो समोर बसलेल्या मुलीचा काढला होता. आधार कार्डावरचा फोटो लहानपणचा आणि धुरकट होता. तो कुठल्याही मुलीचा असू शकला असता. मी तो नीट पाहिलाच नाही.

दोघींना खुर्चीत बसवून मी सगळं विचारून घेतलं. त्यात चोरून केलेलं काहीच नव्हतं, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. रुक्मिणीचं नाव गावच्या शाळेत घातलं होतं. ती दुसरीत असताना तिला मेंढरांमागे जावं लागलं. काशी आजीजवळ गावात राहिली. पट कमी झाला तर शाळा बंद पडेल, ही तिथल्या गुरुजींना धास्ती. पट म्हणजे हजेरीतल्या मुलांची संख्या. ते घरी आले आणि म्हणाले, नाव तर आहेच, धाकटीला पाठवा. दोन गुरुजींची शाळा, एका खोलीत सगळे वर्ग. काशी जाऊन बसली. हजेरीत रुक्मिणी म्हटलं की ती हात वर करायची. तशीच ती सातवी झाली. दाखला निघाला रुक्मिणीच्या नावानं, आणि घरात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

काशीला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं. त्यासाठी दहावी पास लागते. तिच्या वडिलांनी एक वर्ष दिलं होतं. या एका परीक्षेत झाली तर झाली, नाहीतर लग्न. स्थळ बघून ठेवलेलं होतं. मुलगी हुशार होती. वर्गसमीकरणं तिला खेळासारखी यायची.

मी आधी आमच्या क्लासचे मालक काकडे सर यांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, तुम्हाला कुणी विचारलं का?"

"नाही."

"फोटो कुणाचा? तिचा. सही कुणाची? तिची. गेटवरचा माणूस फोटोच बघणार ना? मग तुम्ही कशाला तोंड उघडताय?"

"आणि पकडली तर?"

"पकडली तर आपल्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले, पण बोलताना त्यांनी सतरा नंबरच्या फॉर्मची फाइल उचलून कपाटात आतल्या बाजूला ठेवली. तेही घाबरले होते.

मला त्यांचं पटलं, हे कबूल करायला हवं. दोन दिवस मी गप्प बसले. पण त्या वर्षी कॉपीमुक्तीचा जोर होता. गेटवर पोलीस, वर्गात कॅमेरे, आणि भरारी पथक, म्हणजे न सांगता येऊन तपासणी करणारी अधिकाऱ्यांची गाडी. पलीकडच्या तालुक्यात चुलतभावासाठी बसलेल्या एका मुलाला जीपमध्ये घालून नेलं, अशी बातमी क्लासमधल्या मुलांनीच आणली. खरी की खोटी, देव जाणे. ती ऐकताना काशी वहीत रेघोट्या मारत होती. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. त्या दिवसापासून खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली, की मी शिकवताना वाक्य अर्ध्यात सोडायला लागले.

तिसऱ्या दिवशी मी काशीला घेऊन तिच्या वडिलांकडे गेले. गोदावरीच्या बाजूला एका बागायतदाराच्या रिकाम्या रानात त्यांची मेंढरं बसवली होती. मेंढरं रानात बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावून नेतात. तात्या, म्हणजे काशीचे वडील, एका कोकराच्या पायाला हळद लावत होते. त्यांनी माझ्यासाठी पोतं अंथरलं.

मी सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नाव तर घरातलंच हाय ना बाई? शेजाऱ्याचं थोडंच घेतलंय? एका बहिणीचं नाव दुसरीनं वापरलं, तर त्यात चोरी कुठून आली?"

मी त्यांना कायदा सांगितला, पोलीस सांगितले. त्यावर ते म्हणाले, की रानाच्या मालकानं शब्द दिलाय, केंद्रावर त्याची माणसं आहेत, कुणी काही करणार नाही. असा शब्द ऐकला की मला जास्तच भीती वाटते.

"तात्या," मी म्हणाले, "समजा कुणी पकडलं नाही. ती पास झाली. तरी दहावी पास रुक्मिणी होणार. कंडक्टरची नोकरी रुक्मिणीला मिळेल, काशीला नाही."

हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. काशीच्याही नाही. ती इतका वेळ कोकराला धरून बसली होती. तिनं मान वर केली.

"मंग मी कितवी शिकले, मॅडम?"

"कागदावर?"

"हां, कागदावर."

"एकही इयत्ता नाही, बाळा."

कोकरू तिच्या हातातून निसटलं, ते तिच्या लक्षात आलं नाही. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. थोड्या वेळानं तीच वडिलांना म्हणाली, "तात्या, विम्याचा बिल्ला एका मेंढीच्या कानातला काढून दुसरीच्या कानात घालता का तुमी?"

"न्हाई. डॉक्टर ओळखतो."

"मंग?"

तात्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं मला. पण कळणं वेगळं आणि वर्ष सोडणं वेगळं. ते हात पुसत म्हणाले, "मी एकच वरीस दिलतं. पावण्यांना शब्द दिलाय. पेपर दे, व्हईल ते व्हईल. न्हाई द्यायचा तर घरी बस."

म्हणजे बसली तर पोलिसांची भीती, आणि नाही बसली तर लग्न. मधे तिसरी वाट नव्हती. परतताना मी तिला सांगितलं, की तू जाऊ नकोस. ती म्हणाली, बघते. मी मुख्याध्यापकांना सांगायला हवं होतं. त्यांच्या शाळेच्या दारापर्यंत दोनदा गेलेही. त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. दोन्ही वेळा परत फिरले. एकदा सोबत पेढ्यांचा पुडा होता, कशाला नेला होता ते आता आठवत नाही.

पहिला पेपर मराठीचा. मी दहालाच केंद्रावर पोचले. परीक्षेमुळे बाजूची झेरॉक्सची दुकानं बंद होती, त्यातल्या एका शटरला टेकून उभी राहिले. गेटवर दोरी बांधली होती. एक महिला पोलीस मुलींची हॉल तिकिटं बघत होती, आणि प्रत्येकीला नाव विचारत होती. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

काशी तात्यांच्या मोटारसायकलवर आली. तिनं मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. रांगेत उभी राहिली. मी दोरीपर्यंत पुढे गेले. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण कुठल्या नावानं मारणार? तेवढ्यात तिचा नंबर आला.

"नाव?"

काशीनं मागे वडिलांकडे पाहिलं. मग समोर बघून म्हणाली, "काशी."

पोलीसबाईनं तिकीट वाचलं. "ह्यावर तर रुक्मिणी लिहिलंय."

"ते बहिणीचं हाय."

"मग तुझं कुठंय?"

"माझं अजून न्हाई."

मला वाटलं, आता संपलं. जीप आता येणार. पण काशीच्या मागे रांगेत शंभर मुली खोळंबल्या होत्या. पोलीसबाईनं फोटोकडे पाहिलंही नाही. तिला वाटलं, पोरगी गडबडीत बहिणीचं तिकीट घेऊन आली. "बाजूला हो," ती वैतागून म्हणाली. "तुझं घेऊन ये, मग सोडते."

काशी दोरीखालून बाहेर आली. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मुलीचं वर्ष गेलं, हे त्यानंतर सुचलं. लिहायला लाज वाटते, पण क्रम तोच होता. मी नऊ दिवसांत जे केलं नाही, ते तिनं एका शब्दात केलं होतं. मी तिचा हात धरला तर तो माझ्यापेक्षा गार होता. तिचे दात वाजत होते, फेब्रुवारीच्या उन्हात.

तात्या रागावतील असं मला वाटलं होतं. ते मोटारसायकलवर बसून राहिले. पेपरची घंटा झाली, गेट बंद झालं, तरी बसून होते. मग म्हणाले, "पोलिसाम्होरं सोताचं नाव सांगितलं तिनं. आता मी न्हाई कसं म्हणू? पावण्यांना सांगतो थांबायला. न्हाई थांबले तर न्हाई."

त्याच दिवशी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते मला रागावले नाहीत, पण पुढच्या वर्षीपासून आमच्या क्लासचे फॉर्म ते स्वतः विद्यार्थ्याला समोर बसवून तपासतात. निकालात रुक्मिणी सगळ्या विषयांत अनुपस्थित दाखवली. त्या सगळ्या कागदांतली तेवढी एकच नोंद खरी होती.

काशीनं त्यानंतर मुक्त शाळेची पाचवीची परीक्षा दिली, कारण सतरा नंबरसाठी निदान पाचवी तरी स्वतःच्या नावावर लागते. वर्गसमीकरणं सोडवणारी मुलगी अपूर्णांकांच्या बेरजा करून आली. सोपं गेलं का, असं विचारलं तर म्हणाली, नाव लिहितानाच घाम फुटला, बाकी सोपं होतं. पाहुणे थांबले नाहीत. ती पास झाली. यंदा तिचा दहावीचा फॉर्म तिच्या नावानं गेला आहे. पेपर अजून व्हायचे आहेत. ती पास होईल की नाही, मी सांगू शकत नाही.

आता नवी मुलगी आली, की मी आधी कागद मागत नाही. घरात तुला काय म्हणतात, एवढं विचारते, आणि मग दाखला बघते. दोन्ही जुळलं नाही की पोटात गोळा येतोच. पण आता तो जूनमध्ये येतो, तेव्हा हातात आठ महिने असतात. फेब्रुवारीत आलेल्या गोळ्यावर औषध नाही.