भट्टीसमोरचा घाम
सून वजन कमी करायला जिऱ्याचं पाणी उकळते, आणि त्या वासासरशी मला चाकणच्या कंपनीतली लोखंड तापवायची भट्टी आठवते. तिथे मी सुपरवायझर होतो. कुरुळीचा एक जाडसर, हसरा कामगार कायम होण्याआधीच्या मेडिकलसाठी गावातल्या जिममध्ये जाऊन वजन उतरवत होता. आधी भराभर उतरलं, मग अडलं. "काका, काटाच हालंना," तो म्हणाला. मी म्हटलं, "आतली भट्टी थंड पडलीय तुझी. जेवण बंद कर, नुसतं जिऱ्याचं पाणी पी आणि भट्टीसमोर ड्युटी घे. चरबी वितळंल." "व्हय काका, मलाच ठोकून बारीक करा," म्हणत तो हसला. ऐन मे महिन्यात मीच त्याला तिथे उभं केलं. आठवडाही गेला नाही, तो भट्टीसमोर कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही. जिमवाल्याच्या पावडरीनं मेला, असा गावभर बोभाटा झाला. जिम बंद पडली, मी गप्प राहिलो. भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको रडत म्हणाली, "काका, तुमी सांगितलं असतं तर पावडर सोडली असती त्यांनी. तुमचं लई ऐकायचे ओ." पावडर त्यानं कधी घेतलीच नव्हती. त्यानं माझंच ऐकलं होतं, आणि एवढं तिला सांगायला मी आज, या वयात, कुरुळीला निघालो आहे.