अन्नम्माचा धूप आणि माझी चिमूट

सलालाहला जायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. अन्नम्मा म्हणाली, "दीदी, चलो," म्हणून गेले. ही माझी मस्कतच्या बौशर भागातली शेजारीण, केरळची ख्रिस्ती, रिटायर नर्स. नवरा गेल्यापासून तिचा एकच ध्यास: जेरुसलेमला येशूच्या कबरीपाशी नवऱ्याच्या नावाने सलालाहचा नामांकित धूप द्यायचा. पंधरा दिवसांनी तिची चर्चची टूर निघणार होती.

मस्कतहून बस बारा तास घेते. तिकीट सात-आठ रियाल. बाहेर वाळू, आत एसी, तेव्हा शाल न्या. वाटेत हैमाला चहा-परोटा मिळतो. बाकी बघण्यासारखं काही असलंच तर तेव्हा मी झोपले होते.

सलालाहच्या हाफा बाजारात अन्नम्माने धुपाचा एकेक खडा उजेडात धरून बघितला. दुकानदार कंटाळला. "माँजी, लड़की पसंद करने आई हो क्या?" हिरवट खडे महाग असतात, घासाघीस करा. आम्हाला वर धूपदाणी आणि कोळसा फुकट मिळाला.

आता आमच्यात नवी वस्तू आधी देवाला दाखवतात. सकाळी हॉटेलच्या खोलीत ती आंघोळीला गेली तेव्हा मी त्या धुपातला चिमूटभर पर्समधल्या गणपतीपुढे जाळला. छताला लावलेला धुराचा गजर कोकलायला लागला, हॉटेलवाला बादली घेऊन धावला, अन्नम्मा ओल्या केसांनी बाहेर.

"दीदी, ये क्या किया?" ती पलंगावर बसलीच. मग सांगितलं. पहिल्या ख्रिस्ती लोकांना रोमचे अधिकारी म्हणायचे, राजाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाका आणि सुटा. त्यांनी टाकला नाही, जीव दिला.

"मग आता तुम्ही कसा जाळता?"

पुढे राजाच ख्रिस्ती झाला म्हणे. कबरीच्या जागेवर रोमन लोकांनी देऊळ बांधलं होतं, ते पाडून चर्च उभं केलं. राजाची म्हातारी आई स्वतः गेली, मग जगभरचे यात्रेकरू लोटले. हळूहळू धूपही आला.

"म्हणजे देऊळ पाडलंत, धूप ठेवून घेतलात. आणि माझ्या गणपतीने वास घेतला तर उष्टा?"

तिने धुपाची पिशवी उचलून बॅगेत तळाशी कोंबली. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. हैमाला उतरून दोन चहा घेऊन आली.

"साहब तो हर साल तुम्हारे गणपति के मोदक खाता था," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "यही धूप ले जाऊँगी."

जेरुसलेमहून तिचा फोन आला. तिथे स्वतः जाळू देत नाहीत. फादरने पिशवी घेतली आणि सगळ्यांच्या धुपाच्या डब्यात ओतली.

"किसीने पूछा, कहाँ से आया?" मी विचारलं.

"किसीने नहीं."

धूपदाणी माझ्याकडे राहिली. संध्याकाळी गणपतीपुढे पेटवते, तेव्हा अन्नम्माच्या साहेबाचंही नाव घेते. इतके मोदक खाल्लेत, तेवढा त्याचा हक्क आहे.